मेंदूपुढे धरलेला आरसा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आजचा विषय मी निवडलेला नाही. तो माझ्याकडे सोपविण्यात आला. सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजातील मुलांसाठी काहीतरी भरीव करावे, असे बैठकीत ठरले तेव्हा एक प्रस्ताव पुढे आला. मेंदूच्या लहरी मोजणारे यंत्र आणावयाचे, मुलांच्या डोक्याला तारा लावावयाच्या आणि पडद्यावरचा एखादा खेळ अथवा चित्रपट दाखवीत त्यांची एकाग्रता वाढवावयाची. या पद्धतीस न्यूरोफीडबॅक असे म्हणतात. शिबिर घेण्यास एक मंडळी तयार होती व त्यांचे अंदाजपत्रकही आले होते. निम्मे सदस्य हर्षभरित झाले, निम्मे साशंक. अखेर विश्वस्तांनी मला सांगितले, "भाईजी, आपल्याला वाचनाची आवड आहे, आपण चौकशी करा आणि जे कळेल ते सर्वांसमोर मांडा."

मी वैद्य नव्हे आणि वैज्ञानिकही नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि चाळीसहून अधिक वर्षे गादीवर बसून कापड मोजीत आलो आहे. परंतु ताका उलगडून, पोत हाताला लागल्याशिवाय पैसे मोजावयाचे नाहीत, ही शिस्त या विषयातही उपयोगी पडली, असे नम्रपणे सांगतो.

प्रथम कल्पना समजून घेऊ. आपण भांग पाडतो तो आरशात पाहून. आरसा भांग पाडीत नाही. हात कोठे चुकतो एवढेच तो दाखवितो आणि हात आपोआप सुधारतो. गवयाला तंबोरा हेच करतो. आम्हा व्यापाऱ्यांचे उदाहरण द्यावयाचे तर रोज रात्री गल्ला मोजून कीर्दीशी रोकड जुळविणे हाही आरसाच. ज्या दुकानात रोकड रोज जुळते, तेथील नोकराचा हिशेब न रागावता सुधारतो. वर्षाअखेरीस एकदाच ताळेबंद पाहणाऱ्याला चूक दिसते, पण कोणत्या दिवसाची ते कळत नाही. तात्पर्य, जे करावयाचे त्याचा परिणाम ताबडतोब समोर दिसला की शिकणे सोपे होते. अडचण अशी की हात दिसतो, स्वर ऐकू येतो, मन मात्र दिसत नाही. ते भरकटले हे आपल्याला कळते तेव्हा ते भरकटून बराच वेळ झालेला असतो. सामायिकाला बसणाऱ्या प्रत्येकास हा अनुभव आहे. अठ्ठेचाळीस मिनिटांतील किती मिनिटे खरी होती, हे सांगणारा काटा कोणापाशी नसतो.

तसा काटा बनविता येईल काय, या प्रश्नाचा आधुनिक इतिहास १९२४ या सालाशी जोडलेला आहे आणि त्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. त्या वर्षी जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने मनुष्याच्या मेंदूतील विद्युत लहरींची पहिली नोंद घेतली. या गृहस्थाची प्रेरणा मोठी विलक्षण होती. तरुणपणी सैन्यात असताना तो घोड्यावरून पडला आणि तोफगाडीखाली येता येता वाचला. त्याच दिवशी दूर गावी असलेल्या बहिणीला अस्वस्थ वाटले आणि तिच्या आग्रहाने वडिलांनी ख्यालीखुशाली विचारणारी तार पाठविली. एका मेंदूतून दुसऱ्या मेंदूकडे काही जात असेल काय, हे शोधण्याचा त्याला ध्यास लागला. ते त्याला सापडले नाही, पण शोधता शोधता मेंदूच्या लहरी सापडल्या. १९२९ साली त्याने हे संशोधन प्रसिद्ध केले. आज अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णाचा ई.ई.जी. काढतात तो याच शोधाचा वारसा होय.

त्याच १९२४ साली आपल्या लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी कैवल्यधाम आश्रमाची स्थापना केली आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान व नौली या क्रिया करताना पोटात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने तपासले. योग ही श्रद्धेची बाब असली तरी ती मोजून पाहण्यास हरकत नाही, उलट मोजलीच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पुढे १९६१ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना आणि सिंग या संशोधकांनी ध्यानस्थ योग्यांचे ई.ई.जी. काढले. ध्यानात असताना बाहेरून आवाज अथवा प्रकाशाचा व्यत्यय आणला तरी त्यांच्या मेंदूतील शांततेच्या लहरी मोडत नाहीत, असे त्यांना आढळले.

या लहरी किती सूक्ष्म, याची कल्पना देतो. एका व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यांतील काही दहा भागांएवढा तो दाब असतो. बॅटरीचा साधा सेल दीड व्होल्टचा असतो, यावरून अंदाज करावा. आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात लायगो प्रकल्प उभा राहात आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. तेथे चार किलोमीटर लांबीच्या भुजांत अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी सूक्ष्म हालचाल मोजावयाची आहे. त्या शास्त्रज्ञांची पहिली चिंता आपल्या मालमोटारी, रेल्वे आणि भूकंपाचे हादरे यांची. खरा संकेत कोणता आणि गोंगाट कोणता, हे वेगळे करणे हीच तेथील मुख्य विद्या. मेंदूच्या लहरींचे तेच आहे. हा मुद्दा कृपया स्मरणात ठेवावा, पुढे तो कामास येणार आहे.

आता मुख्य शोध. १९५८ च्या सुमारास शिकागो विद्यापीठात जो कामिया या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. माणसाला डोळे मिटून बसवावयाचे, मधूनमधून घंटी वाजवावयाची आणि विचारावयाचे, "आता तुझ्या मेंदूत अल्फा लहर आहे की नाही?" अल्फा म्हणजे सेकंदाला आठ ते तेरा वेळा उठणारी, विश्रांतीच्या अवस्थेतील लहर. उत्तर बरोबर की चूक एवढेच त्याला सांगावयाचे. आरंभी उत्तरे अंदाजाने येत. काही दिवसांत ती बहुतांशी बरोबर येऊ लागली. पुढे तर सांगितल्यावर ती लहर आणणे अथवा घालविणेही काहींना जमू लागले. कसे जमते, हे मात्र त्यांना शब्दांत सांगता येत नसे.

दुसरा प्रयोग सांगताना मन कचरते, परंतु या पद्धतीची मुळे त्यातच असल्यामुळे तो टाळता येत नाही. लॉस एंजेलिस येथे बॅरी स्टर्मन या संशोधकाने मांजरांना सेकंदाला बारा ते पंधरा वेळा येणारी एक विशिष्ट लहर निर्माण केल्यास दूध मिळेल, असे शिकविले. पुढे अग्निबाणाच्या इंधनाचे दुष्परिणाम तपासण्यासाठी मांजरांना ते विषारी द्रव्य टोचण्यात आले, तेव्हा शिकविलेल्या मांजरांना झटके उशिरा आले. यावरून पुढे अपस्माराच्या एका तरुण रुग्णेवर ही पद्धत प्रथम वापरली गेली व तिचे झटके कमी झाले. ज्ञान मिळाले हे खरे, परंतु त्या मुक्या जिवांना ते कोणत्या किमतीत पडले याची नोंद आपण जैनांनी तरी मनात ठेवावी, असे मला वाटते. १९७६ पासून टेनेसी विद्यापीठातील जोएल लुबार यांनी चंचल, एका जागी न बसणाऱ्या मुलांसाठी ही पद्धत वापरण्यास प्रारंभ केला.

यात मनोरंजन कोठून आले? कंटाळ्यातून! पडद्यावर एक रेषा वर-खाली होते ती वर ठेवा, असे सांगितले तर मोठा माणूसही तिसऱ्या दिवशी येत नाही. येथे तर तीस-चाळीस बैठका लागतात. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या लँगली केंद्रात ॲलन पोप हे वैमानिकांच्या सावधानतेवर काम करीत होते. वैमानिकाचे लक्ष ढळले हे यंत्राला कळावे, असा त्यांचा प्रयत्न होता. त्यातून त्यांना सुचले की बाजारात मिळणारा व्हिडिओ गेमच लहरींना जोडावा. मुलाचे चित्त स्थिर असेल तोवर हातातील नियंत्रक नीट चालेल, चित्त भरकटले की तो जड होईल. नासाच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासात साध्या पद्धतीने शिकणारी आणि खेळातून शिकणारी अशा दोन्ही गटांतील मुले सारखीच सुधारली. फरक एवढाच की खेळणाऱ्या मुलांना व त्यांच्या पालकांना ही पद्धत अधिक आवडली. आज कोठे चित्रपट लावतात आणि लक्ष ढळले की चित्र अंधुक होते, कोठे गाणे मंद होते. दूध मिळविण्यासाठी मांजर शिकले, चित्र स्पष्ट पाहण्यासाठी मूल शिकते, तत्त्व एकच.

माझ्या नात्यातील एका नऊ वर्षांच्या मुलाबरोबर मी एका मोठ्या शहरातील अशा केंद्रात गेलो होतो. मुलगा हुशार, परंतु वहीवर तीन ओळी लिहीपर्यंत चार वेळा उठणार. त्याच्या डोक्यावर मलम लावून दोन-तीन तारा चिकटविल्या, कानाला चिमटे लावले आणि पडद्यावर मोटार धावू लागली. ती कधी धावे, कधी रेंगाळे. बाळ चक्क पंचवीस मिनिटे जागेवर बसले. त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आले. मग मी विनंती केली की मलाही बसवा. मी कपाळाला आठ्या घालून मोटारीला रेटू लागलो, तर ती जागची हलेना. कंटाळून रेटणे सोडले, नुसता पाहात राहिलो, तेव्हा ती निघाली. हा अनुभव खरोखर शिकण्यासारखा होता. आटापिटा म्हणजे एकाग्रता नव्हे, हे मला तेथे प्रत्यक्ष दिसले. पण व्यापारी स्वभाव जाईना. मी हळूच दात आवळून पाहिले. मोटार तत्काळ थांबली. दात सैल सोडले, निघाली. पुन्हा आवळले, पुन्हा थांबली. म्हणजे यंत्र मोजत होते ते माझ्या मेंदूला की जबड्याला? जबड्याच्या आणि कपाळाच्या स्नायूंची वीज मेंदूच्या लहरींहून पुष्कळ मोठी असते आणि ती सहज त्यांत मिसळते, असे नंतर वाचनात आले. लायगोजवळून मालमोटार जावी तसेच हे. चांगल्या प्रयोगशाळेत ती वेगळी काढण्याची व्यवस्था असते. घाऊक दराने विकल्या जाणाऱ्या यंत्रांत ती कितपत असते, हे विकत घेणाऱ्याने विचारावयास हवे. तेथील मंडळींनी चाळीस बैठकांचे पैसे एकरकमी आणि आगाऊ मागितले. आम्ही विचार करून सांगतो म्हणून परतलो.

त्यानंतर मी मुद्दाम निकाल शोधले. येथे एक परीक्षा फार सुंदर आहे. मुलांचे दोन गट करावयाचे. दोघांच्या डोक्याला तारा, दोघांपुढे खेळ. एका गटाचा खेळ त्यांच्या स्वतःच्या लहरींवर चालतो, दुसऱ्या गटाचा आधी नोंदविलेल्या लहरींवर. कोण कोणत्या गटात हे मुलाला, पालकाला, शिक्षकाला कोणालाच ठाऊक नसते. अमेरिकेत सात ते दहा वर्षांच्या सुमारे १४० चंचल मुलांवर अशी परीक्षा झाली, प्रत्येकाच्या ३८ बैठका झाल्या आणि २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांतील मुले लक्षणीय सुधारली, आणि सारखीच सुधारली! २०२४ च्या अखेरीस ३८ चाचण्यांचा, सुमारे अडीच हजार सहभागींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातही, कोणाला खरा उपचार मिळाला हे ठाऊक नसणाऱ्यांचे मत घेतले तेव्हा चंचलतेच्या लक्षणांत म्हणावा असा फरक आढळला नाही.

याचा अर्थ काय? मुले सुधारली, हे खोटे नाही. त्या आईच्या डोळ्यांतील पाणीही खोटे नाही. परंतु सुधारणा लहरींच्या खेळामुळे झाली, हे सिद्ध होत नाही. मला जे दिसते ते असे : आठवड्यातून दोन-तीन वेळा एक मूल घराबाहेर काढून एका शांत खोलीत बसविले जाते, एक प्रौढ व्यक्ती पूर्ण वेळ त्याच्याकडे आणि फक्त त्याच्याकडे पाहते, आई-वडील रागावणे थांबवून आशेने वाट पाहतात आणि दरम्यान मूल काही महिन्यांनी मोठेही होते. या चार गोष्टींचे मोल आपण यंत्राच्या नावाने मोजत असू.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत डोक्याला मार बसलेल्या रुग्णांच्या पुनर्वसनासाठी न्यूरोफीडबॅकचा वापर व अभ्यास झालेला आहे. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगला दहा मीटर एअर रायफलमध्ये भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविणाऱ्या अभिनव बिंद्रानेही आपल्या तयारीत अशा यंत्रांचा उपयोग केला होता. पण शेवटचा १०.८ गुणांचा नेम त्या यंत्राने मारला, असे त्याने कधी म्हटले नाही. वर्षानुवर्षांचा सराव होता, त्यावर हा एक संस्कार. साठी ओलांडलेल्या आपल्यासारख्यांना आवडेल अशीही एक बातमी आहे. २०१३ साली कॅलिफोर्नियातील ॲडम गॅझली यांनी साठ ते पंच्याऐंशी वर्षांच्या मंडळींना मोटार चालवीत खुणा ओळखण्याचा एक खास खेळ महिनाभर खेळविला, तेव्हा त्या खेळात ती विशीतल्या नवशिक्या तरुणांच्याही पुढे गेली. त्याच धाटणीच्या मुलांसाठीच्या एका खेळाला जून २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यताही दिली. उलट, आपल्या खेळाने विस्मरण टळते, अशी जाहिरात करणाऱ्या ल्युमॉसिटी या कंपनीस पुरावा नसल्याबद्दल जानेवारी २०१६ मध्ये वीस लाख डॉलर भरावे लागले. एकाच बाजारातले हे दोन ताके आहेत. पोत हाताने पाहिल्याशिवाय ओळखता येत नाही.

आणि काही ताके तर नुसते रंगविलेले असतात. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. डोळ्यांवर पट्टी बांधून मुले पुस्तक वाचतात, रंग ओळखतात, असे दाखवून हजारो रुपये घेतले जात. मुले पट्टीखालून नाकाच्या कडेने पाहात, असे विवेकवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी दाखवून दिले आणि महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या वर्गांना जाहीर आव्हान दिले. त्यातील पैशाची हानी लहान होती. आई-वडिलांच्या आनंदासाठी आपण दिसत नसताना दिसल्यासारखे अथवा दिसत असताना न दिसल्यासारखे करावे, हे आठ वर्षांच्या मुलाला शिकविले गेले, ती हानी मोठी. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या चाचणीसही शास्त्रीय आधार नाही, असे मनोविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने स्पष्ट केले आहे. न्यूरोफीडबॅक या पंक्तीत बसत नाही. त्याच्यामागे खरे विज्ञान आहे. परंतु विकणारे पुष्कळदा तेच असतात आणि ग्राहकही तेच, म्हणजे आपण.

आपल्या परंपरेतले एक उदाहरण येथे सहज आठवते. श्रीमद् राजचंद्र यांनी १८८७ साली मुंबईत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका वेळी शंभर गोष्टी ध्यानात ठेवण्याचा शतावधानाचा प्रयोग जाहीरपणे करून दाखविला. सारी मुंबई थक्क झाली. त्यानंतर लवकरच त्यांनी असे प्रयोग करणे सोडून दिले, आणि जवाहिराचा व्यापार व साधना यांत लक्ष घातले. अशी शक्ती असूनही तिचे प्रदर्शन थांबविणारा हा पुरुष व्यापारी होता, याचा मला विशेष अभिमान वाटतो.

युवकांसाठी एक शब्द. आपल्या हातातील मोबाईल हेही प्रतिसादाचेच यंत्र आहे, फक्त आरशाचे तोंड उलटे आहे. न्यूरोफीडबॅकमध्ये यंत्र आपले चित्त आपल्याला दाखविते. मोबाईलवर आपले बोट कोठे थबकले हे आपण यंत्राला दाखवितो, आणि सुधारत जाते ते यंत्र. त्या नऊ वर्षांच्या मुलाचे चित्त पंचवीस मिनिटे मोटारीवर टिकले याचे कौतुक करताना, ते मोबाईलवर दोन तास टिकते हेही त्याच्या आईने मला सांगितले होते. पडद्यावर टिकणारे लक्ष वहीवर टिकेलच, याची हमी कोणीही देत नाही.

आता विश्वस्तांनी विचारलेला प्रश्न. माझे मत असे की हे यंत्र व हे शिबिर ट्रस्टने घेऊ नये. देणगीदारांनी दिलेल्या रकमेतून ज्याचा गुण सिद्ध झालेला नाही अशी वस्तू घेणे हिशेबात बसत नाही. कोणा कुटुंबास स्वखर्चाने ही पद्धत करून पाहावयाची असेल तर हरकत नाही. मात्र प्रथम बालमनोविकारतज्ज्ञांकडून निदान करून घ्यावे, अपस्मार अथवा चंचलतेची चालू औषधे कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत, आणि चाळीस बैठकांचे पैसे आगाऊ भरू नयेत.

त्याऐवजी तीन कामे सुचवितो. वर्षातून दोनदा बालरोगतज्ज्ञ व बालमनोविकारतज्ज्ञ यांना हिंगोलीस बोलावून समाजातील, आणि शेजारच्या वस्तीतीलही, मुलांची तपासणी करावी. तीत डोळे आणि कान आधी तपासावेत, कारण फळा न दिसणारे मूलही चंचल ठरते. धर्मशाळेतील वरची रिकामी खोली संध्याकाळी मुलांसाठी उघडावी. तेथे बुद्धिबळ, कॅरम, सागरगोटे आणि एक बाजाची पेटी असावी, पडदा नसावा. आणि त्या खोलीत रोज एक ज्येष्ठ सदस्य तासभर, मोबाईल घरी ठेवून, नुसता मुलांकडे लक्ष देत बसावा. बुधवारी आमच्याकडे दुकान लवकर बंद होते, म्हणून बुधवारच्या संध्याकाळसाठी माझे नाव मी आजच लिहून देत आहे. उरलेल्या सहा दिवसांची यादी व्यवस्थापकांच्या मेजावर ठेवलेली आहे.